मुंबई कोटांतील एक जॉर्जकालीन इमारत व वऱ्हाडची पेठ

१

इतिहासाचें साधन म्हटलें कीं महाराष्ट्रीय संशोधकाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो रुमाल. मोडी दप्तरें, सनदा, महजर, ताम्रपट, नाणीं व पोथ्या यांचा शोध राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून अखंड चालूं आहे. पुण्यास १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें; पुढें नागपुरास विदर्भ संशोधन मंडळ निघालें; यवतमाळास कै. य. खु. देशपांडे यांच्या शारदाश्रमानें महानुभावीय पोथ्यांचा संग्रह केला. या सर्व उद्योगांत एक गोष्ट मात्र उपेक्षित राहिली. ज्या घरांतून हे कागद बाहेर पडले, त्या घरांची नोंद फारशी कोणी ठेविली नाहीं. किल्ला, देऊळ, लेणें व राजवाडा यांस वाली मिळाला. पण सावकाराची पेढी, अडत्याची वखार, भाड्यानें घेतलेली कचेरी, रस्त्यावरचें जुनें दुकान यांस ऐतिहासिक वास्तु म्हणण्यास आपण अजून कचरतों.

प्रस्तुत लेखांत आम्ही मुंबईच्या जुन्या कोटांतील एक इमारत उदाहरणादाखल घेतली आहे. तिचें आजचें नांव ‘ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग’. पुसदसारख्या, पूस नदीच्या कांठच्या पेठेच्या गांवीं बसून मुंबईच्या एका रस्त्यावरील व्यापारी इमारतीची चौकशी कां करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर लेखाच्या ओघांत येईलच. येथें इतकेंच सांगतों कीं, वऱ्हाडचा मुलूख कोणाच्या हातीं जावा व वऱ्हाडचा कापूस कोणत्या वाटेनें जावा, या दोन्ही गोष्टींचा निकाल लागण्यांत मुंबई कोटांतील पेढ्यांचा हात होता. आणि त्या पेढ्या ज्या काळच्या, ज्या धर्तीच्या घरांत बसत, त्या धर्तीचीं घरें आतां मुंबईंत फारच थोडीं उरलीं आहेत.

२

प्रथम ‘जॉर्जकालीन’ या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. इंग्लंडच्या गादीवर १७१४ पासून १८३० पर्यंत जॉर्ज नांवाचे चार राजे ओळीनें बसले. त्या एकशें सोळा वर्षांच्या आंतबाहेर जें बांधकाम झालें त्यास इंग्रज लोक राजांच्या नांवावरून हें विशेषण लावितात. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तीं १७१३ सालीं, आणि दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला तो १८१८ सालीं. म्हणजे इंग्रजांचा जॉर्जकाल व आपली पेशवाई हे जवळजवळ एकच कालखंड होत. शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला, त्या वेळीं इंग्लंडांत दुसऱ्या जॉर्जाचें राज्य होतें. हें साम्य ध्यानांत ठेविलें म्हणजे इंग्रजी शहरांतील त्या काळचें एखादें दुकान आपणांस फार दूरचें वाटत नाहीं. पुण्याचा वाडा व लंडनची पेढी हीं दोन भिन्न समाजांनीं एकाच काळीं दिलेलीं उत्तरें आहेत.

उत्तरांतील भेद मात्र मोठा आहे. वाडा अंतर्मुख असतो. बाहेरच्या बाजूस उंच भिंत, दिंडी दरवाजा व क्वचित् सज्जा; खरें वैभव आंतल्या चौकांत. जॉर्जकालीन इमारत बहिर्मुख असते. तिचें सर्व बोलणें रस्त्याशीं असतें. विटांची किंवा चुन्याचा गिलावा केलेली सरळ भिंत, एका रेषेंत एकावर एक आलेल्या खिडक्या, मध्यभागीं दरवाजा, त्यावर ग्रीक-रोमन धर्तीची कमान किंवा त्रिकोणी शीर्ष, आणि याखेरीज अलंकार जवळजवळ नाहींच. शोभा सगळी प्रमाणबद्धतेची. व्यापाऱ्याच्या घरांत तळमजल्यावर दुकान किंवा पेढी, पहिल्या मजल्यावर बैठकीचीं दालनें व त्यावर निजण्याच्या खोल्या अशी रचना सामान्यतः असे. म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच असतात व वरच्या मजल्यांवर त्या क्रमानें आखूड होत जातात. घरांतील माणसांची पायरी अशा रीतीनें खिडक्यांच्या उंचीवरून वाचतां येते.

या साधेपणाचें श्रेय केवळ रुचीला देणें बरोबर होणार नाहीं. कायद्यालाहि तें द्यावें लागतें. १६६६ च्या आगींत लंडन जळाल्यावर तेथें बांधकामाचे कडक नियम झाले. १७०९ च्या कायद्यानें खिडकीची लांकडी चौकट भिंतीच्या बाहेरील पृष्ठापासून चार इंच आंत बसविणें भाग पडलें. १७७४ च्या कायद्यानें ती चौकट विटांच्या आड दडवावी लागली. शिवाय १६९६ पासून १८५१ पर्यंत इंग्लंडांत खिडक्यांवर कर होता, व कर चुकविण्यासाठीं कित्येकांनीं खिडक्या विटांनीं बुजवून टाकल्या. बुजविलेली खिडकी दिसली कीं तेथील जाणता करवसुलीचा इतिहास आठवितो. आपण कागदावरील शिक्क्यावरून जसा काळ ठरवितों, तसाच हा प्रकार.

३

आतां मुंबईकडे वळूं. कोटाच्या दक्षिण अंगास, गोदीच्या सिंहदरवाजासमोर, हल्लीं ज्यास शहीद भगतसिंग मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर ही ग्रेट वेस्टर्न इमारत उभी आहे. पूर्वीच्या लिखाणांत तिचा पत्ता आपोलो स्ट्रीट असा येतो. ‘आपोलो’ या नांवाचा ग्रीक देवतेशीं संबंध नसून आपल्या ‘पालव’ बंदराचा तो साहेबी उच्चार होय, हें वाचकांस ठाऊक असेलच.

ही वास्तु अठराव्या शतकांतील. तिला ‘हॉर्न्बी हाउस’ असेंहि म्हणत. विल्यम हॉर्न्बी हा १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. मराठ्यांच्या इतिहासांत त्याचें नांव आपण चांगल्या अर्थानें घेत नाहीं. राघोबादादाशीं १७७५ चा सुरतेचा तह करून ज्यानें पेशव्यांच्या गृहकलहांत हात घातला, १७७९ सालीं वडगांवास इंग्रजी फौज कोंडली जाऊन तेथें करार झाला असतां ज्यानें तो मानण्याचें नाकारलें, व अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहानें ज्या युद्धाचा शेवट झाला, त्या सर्व प्रकरणांत मुंबईची बाजू याच गृहस्थानें चालविली. त्या कालखंडांत ही इमारत आरमाराच्या अधिपतीच्या निवासासाठीं वापरली गेली, व त्यावरून तिला ‘ॲडमिरल्टी हाउस’ हें नांव पडलें. समोर गोदी, मागें कोट, व दोहोंच्या मध्यें आरमारी अधिकाऱ्याचें घर, अशी ही योजना होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या घराचा दुसरा जन्म झाला. १७९८ सालीं मुंबईचें जुनें ‘मेयर्स कोर्ट’ मोडून त्याच्या जागीं रेकॉर्डर कोर्ट स्थापन झालें व सर विल्यम सायर हा पहिला रेकॉर्डर आला. या कोर्टास जागा हवी होती. ती याच घरांत मिळाली. १८०४ पासून १८११ पर्यंत रेकॉर्डर असलेला सर जेम्स मॅकिंटॉश याच कोर्टाचा न्यायाधीश. त्यानेंच १८०४ च्या नोव्हेंबरांत ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापिली. तीच पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. १८२४ च्या मे महिन्यांत रेकॉर्डर कोर्टाचें सुप्रीम कोर्ट झालें, आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजीं सुप्रीम कोर्टाचें हायकोर्ट झालें; पण जागा तीच राहिली. १८७८ सालीं कर्नल फुलर यानें योजिलेली हायकोर्टाची भव्य गॉथिक इमारत पुरी झाली, तेव्हां न्यायदेवतेनें हें घर सोडलें. त्यानंतर येथें हॉटेल निघालें. तेंच ‘ग्रेट वेस्टर्न हॉटेल’. हॉटेल गेलें, नांव राहिलें, व पुढें कचेऱ्या, दुकानें व व्यापारी मंडळींचीं बिऱ्हाडें यांनीं ही वास्तु भरून गेली.

घर, आरमार, कोर्ट, हॉटेल, पेढी, असा हा क्रम आहे. कोणत्याहि एका धन्यानें घर केवळ जतनासाठीं म्हणून राखलें नाहीं. प्रत्येकानें तें वापरलें, आणि वापरांत राहिलें म्हणूनच तें टिकलें. भव्य इमारतीस एकच उपयोग शोभतो. तो गेला कीं ती ओस पडते. साध्या, प्रशस्त व सरळ दालनांच्या इमारतीस मात्र दर पिढीस नवा धनी मिळतो. जॉर्जकालीन घरांच्या चिवटपणाचें हें एक मुख्य कारण आहे, असें आम्हांस वाटतें.

४

या भिंतींच्या आंत जीं प्रकरणें चाललीं, त्यांतील दोन मराठी इतिहासाच्या अभ्यासकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखीं आहेत.

पहिलें मोरो रघुनाथाचें. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेंतील मुलूख इंग्रजांकडे आला. पण मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा अधिकार मुंबई बेटापुरता कीं साऱ्या इलाख्यावर, हें स्पष्ट नव्हतें. १८२८ सालीं पुण्यांतील मोरो रघुनाथ नांवाच्या अल्पवयी मुलास पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांनीं कोंडून ठेविलें आहे, असा अर्ज कोर्टापुढें आला. ढमढेरे हे पेशव्यांच्या सोयरीकसंबंधांतील प्रतिष्ठित घराणें. कोर्टानें मुलास हजर करण्याचा हुकूम काढिला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यास हें मुळींच मानवलें नाहीं. पुण्याच्या सरदारांस मुंबईच्या कोर्टाच्या अंमलाखालीं आणणार नाहीं, असा त्याचा आग्रह होता. कारण त्यांस नुकतीच मानमरातबाचीं अभिवचनें दिलीं होतीं व मुलूख अजून पुरता निवलेला नव्हता. न्यायाधीशांचें म्हणणें असें कीं, राजाच्या नांवानें निघालेल्या हुकमास कंपनीच्या गव्हर्नरानें आडकाठी करणें हा राजाधिकाराचा अपमान होय.

या तंट्यांत दैवहि उतरलें. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट १८२८ च्या ऑगस्टांत वारला. त्याचा सहकारी सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरांत वारला. एकटा सर जॉन पीटर ग्रँट उरला. त्यानें माघार घेतली नाहीं. सरकार कोर्टाचा हुकूम बजावूं देत नाहीं, असें पाहून १८२९ च्या एप्रिलांत त्यानें कोर्टच बंद केलें. राजधानीच्या शहरांत न्यायासनाचे दरवाजे न्यायाधीशानें स्वतः लावून घेतले, आणि ते दरवाजे याच इमारतीचे होते. प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापुढें गेलें व तेथें त्याच वर्षीं सरकारच्या बाजूनें निकाल लागला. मुंबई बेटाबाहेर, जे लोक त्या कोर्टाच्या व्यक्तिगत अधिकाराखालीं येत नाहींत, त्यांच्यावर असा हुकूम काढण्याचा अधिकार कोर्टास नाहीं, असें ठरलें.

या निकालाचा अर्थ दोन तऱ्हांनीं लाविला जातो. एका बाजूनें पाहतां सरदारांची प्रतिष्ठा राखली गेली. दुसऱ्या बाजूनें पाहतां, पुण्याच्या रयतेस राज्यकर्त्याविरुद्ध स्वतंत्र न्यायासनाचा जो आश्रय मिळण्याचा संभव होता तो मिळाला नाहीं. आमच्या मतें दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ज्या १८२८ सालीं शनिवारवाडा आगींत जळाला, त्याच सालीं हा वाद पेटला. पेशवाईची वास्तु नाहींशी होत असतां पेशवाईनंतरची व्यवस्था कशी असावी याचा झगडा मुंबईच्या या साध्या घरांत चालला होता, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासकारांनीं विसरूं नये.

दुसरें प्रकरण १८६२ सालचें महाराज लायबल केसचें. ‘सत्यप्रकाश’ पत्राचे कर्ते करसनदास मुळजी यांनीं वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या आचरणावर टीका केली. त्यावरून जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराजांनीं पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली. सर मॅथ्यू सॉस व सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढें ती चालली व २२ एप्रिल १८६२ रोजीं निकाल झाला. करसनदासांची बाजू मुख्यत्वें खरी ठरली. या खटल्यांत साक्ष देण्यास जे उभे राहिले त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. प्राचीन लेखांचें वाचन करणारा, हस्तलिखितें जमविणारा, आपल्या शास्त्राचा एक आद्य पुरुष या कोर्टाच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिला होता! पुढें रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांनीं वकिली केली ती, व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८७२ पासून आरंभिली ती, याच जागेंतील हायकोर्टांत. धर्मशास्त्राचे ग्रंथ शोधणारे व छापणारे हे पंडित ज्या जिन्यानें चढले-उतरले, त्या जिन्यास आपण इतिहासाचें साधन म्हणणार कीं नाहीं?

५

आतां वऱ्हाडचा संबंध. अठराव्या शतकांत वऱ्हाडांत दुअमली होती. निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचेहि अंमलदार वसूल घेत. पुसद परगण्याची रयत या दोन जात्यांच्या तळ्यांत भरडली जात असतां, मुंबईच्या कोटांत फोर्ब्स, ब्रूस-फॉसेट यांसारख्या इंग्रजी पेढ्या भरभराटीस आल्या होत्या. फोर्ब्स कंपनीची स्थापना १७६७ सालची. गुजराथचा कापूस खरेदी करावा, तो चीनला पाठवावा, हुंडीचा व्यवहार करावा, व सरकारास नड पडली कीं कर्ज द्यावें, हा त्यांचा धंदा. १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांशीं युद्ध उपस्थित झालें, तेव्हां मुंबई सरकारची तिजोरी या पेढ्यांच्या कर्जावर चालली होती. त्या युद्धांतील २९ नोव्हेंबरची अडगांवची लढाई व १५ डिसेंबरचा गाविलगडचा पाडाव हे दोन्ही वऱ्हाडांत झाले; आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांकडून सुटून निजामाकडे गेला. वऱ्हाडची दुअमली तोडणाऱ्या तोफांच्या दारूगोळ्यांत मुंबईच्या पेढ्यांचे रुपये होते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढें पेढीनेंच राज्य पोखरण्याची पाळी आली. हैदराबादेस विल्यम पामर कंपनीनें १८१४ पासून निजाम सरकारास कर्जें देण्यास आरंभ केला. वऱ्हाडांतील घोडदळाचा पगार हाहि त्या कर्जांचा एक विषय होता. १८२० सालीं साठ लाखांचें कर्ज निघालें. रेसिडेंट मेटकाफ यानें त्यांतील गुह्य उघडकीस आणलें. आणि अखेर उत्तर सरकारच्या पेशकशीच्या बदल्यांत निजामास एक कोटि सहासष्ट लाखांवर रक्कम एकदम मिळून तींतून पामरचें देणें फिटलें. १८२४ सालीं ती पेढी बुडाली. तिच्या मागून विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचे पारशी बंधु आले. नाणेसंग्राहकांस ‘पेस्तनशाही’ रुपया ठाऊक असतो. त्यांतील पेस्तन तो हाच. या बंधूंनीं दिवाण चंदूलालास कर्ज दिलें व त्याच्या तारणादाखल वऱ्हाडांतील परगणे घेतले. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस प्रथम धाडिला तोहि यांनींच, १८२५-२६ च्या सुमारास. तोंपर्यंत वऱ्हाडी रुईची मुख्य वाट उत्तरेकडे मिर्झापुराकडे जाई. १८४३ सालीं चंदूलाल पायउतार झाल्यावर हे परगणे पेढीकडून काढून घेण्यांत आले व पेढीचा अंत झाला. मुंबईच्या कोर्टाचा हात, मोरो रघुनाथाच्या निकालाप्रमाणें, जेथें पुण्यापर्यंतहि पोंचत नव्हता, तेथें निजामाच्या मुलखांत तो कोठून पोंचणार? दाद मागण्यास इंग्रज सरकारकडे अर्जविनंत्या करण्यापलीकडे सावकारास मार्ग उरला नाहीं.

हा कापूस मुंबईस कसा जाई, तें पुसदच्या मंडळींस सांगणें नको. वंजारी तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून तो घाट उतरे. पावसानें भिजे, धुळीनें मळे, वाटेंत बैल गोण्या ओरबाडीत. मग मुंबईस कोटांत सेंट थॉमस चर्चपुढील मोकळ्या मैदानांत त्याच्या राशी पडत. १८४४ सालीं हा बाजार तेथून कुलाब्यास हलविला गेला. त्या मैदानाच्या आसपासच पेढ्या, दलालांचीं दुकानें व दक्षिणेस थोड्या अंतरावर आमची ही कोर्टाची इमारत. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आला, १८६० नंतर आगगाडी आली, अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव गगनास भिडला, व तांड्यांचे बैल हळूहळू आगगाडीच्या स्टेशनापुरते उरले. त्याच पैशाच्या लाटेंत मुंबईचा तट पडला, व जॉर्जकालीन घरें पाडून त्यांच्या जागीं व्हिक्टोरियाकालीन प्रासाद उठले. मुंबईंतील तो काळ झांकून टाकण्यास वऱ्हाडचा कापूसहि अंशतः कारण झाला, हा इतिहासाचा मोठा विचित्र फेरा आहे.

६

आतां संरक्षणाचा विचार. इंग्लंडांत १८७७ सालीं विल्यम मॉरिस यानें प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं संस्था काढिली, तेव्हां लोकांचें लक्ष मध्ययुगीन देवळांवर होतें. जॉर्जकालीन दुकानें व घरें बेधडक पाडलीं जात. लंडनमधील ॲडेल्फी हा सुंदर वास्तुसमूह १९३६ च्या सुमारास पाडला गेल्यावर मंडळी जागीं झालीं व १९३७ सालीं केवळ जॉर्जकालीन वास्तूंसाठीं एक स्वतंत्र मंडळ निघालें. १९४७ च्या नगररचना कायद्यानें सरकारी यादी करण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हांपासून एखाद्या इंग्रजी शहराच्या रस्त्यावरील तीन मजली जुनें दुकानहि, तें कोणा राजाचें नसलें तरी, यादींत येतें व परवानगीवांचून त्याची खिडकीसुद्धां बदलतां येत नाहीं. येथें मोल आहे तें रस्त्याच्या एकंदर ओळीचें. त्या ओळींतील एक दात पडला तर सारें तोंड विद्रूप होतें.

आपल्याकडे १९०४ सालीं प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. १९५८ सालीं केंद्राचा नवा कायदा व त्यापाठोपाठ महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आला. १९५८ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांची वास्तु स्मारक म्हणून गणली जाण्यास पात्र होते. पण हे कायदे मुख्यतः लेणीं, देवळें व किल्ले यांच्या कामीं आले. माणसें राहतात, दुकानें चालतात, भाडें वसूल होतें, अशा वास्तूंसाठीं वेगळा उपाय पाहिजे होता. तो १९९५ सालीं बृहन्मुंबईसाठीं केलेल्या वारसा-नियमांनीं झाला. त्यांत इमारतींच्या तीन श्रेणी ठरविल्या व एकेकट्या घरांबरोबर सबंध परिसरहि संरक्षणाखालीं आणले. आमची ग्रेट वेस्टर्न इमारत ज्या फोर्ट भागांत आहे तोहि त्यांत आला. २०१८ सालीं मुंबईचा एक वास्तुसमूह जागतिक वारशाच्या यादींत गेला. परंतु त्याच्या नांवांत ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ व ‘आर्ट डेको’ हेच दोन काळ आहेत. त्यापूर्वींच्या शंभर वर्षांचा, म्हणजे मराठी राज्याशीं ज्याचा प्रत्यक्ष सामना व सौदा झाला त्या काळचा, साक्षीदार असलेला साधा गिलाव्याचा अवशेष त्या गौरवाबाहेर राहिला. झगमगाटापुढें साधेपणा मागें पडतो, हें वास्तूंच्या बाबतींतहि खरें ठरतें.

७

यावरून आम्हां वऱ्हाडच्या संग्राहकांनीं कोणता बोध घ्यावा? आमच्या पेठांत जॉर्जकालीन इमारती नाहींत व त्यांचें अनुकरणहि आम्हांस नको. परंतु व्यापाराची वास्तु हीहि इतिहासाची वास्तु आहे, हें तत्त्व आम्हांस लागू आहे. रस्त्यास लागून ओटा, लांकडी फळ्यांचें दुकान, आंत गादी व खतावण्यांची फडताळें, त्यामागें माजघर, भिंतींत बळद, अंगणांत धान्याचें पेव, परसांत रुईची वखार, ही रचना म्हणजे वऱ्हाडच्या अर्थकारणाचा नकाशाच होय. हातरेच्यावर सरकी निघत असे तो काळ, सावकारीचा काळ, आगगाडीनंतरचा जिनिंग-प्रेसिंगचा काळ, हे सर्व या घरांच्या जोत्यांत, खांबांत व पत्र्यांत लिहिलेले आहेत. कापसाच्या तेजींतील जीं बांधकामें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचीं आहेत, त्यांचीं शंभर वर्षें केव्हांच भरलीं. वयाच्या मुद्द्यावर त्यांस कोणी अपात्र ठरवूं शकत नाहीं.

संशोधकानें करावयाचीं कामें थोडीं व सोपीं आहेत. रुमाल हातीं आला म्हणजे तो कोणत्या घरांतून, कोणत्या दालनांतून, कोणत्या फडताळांतून निघाला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. कारण गादीजवळची वही चालू व्यवहाराची असते, माळ्यावरची बुडीत खात्याची असते, आणि देवघरांतील कागद बहुधा वतनाचा असतो. जागा कळली म्हणजे कागदाचा अर्धा अर्थ कळतो. घर पडण्यापूर्वीं त्याचा तळपट काढावा. जोत्याची उंची, भिंतीची जाडी, विटेचें माप, चौकटीचें लांकूड व त्यावर शक किंवा नांव कोरलें असल्यास तें टिपावें. दर्शनी बाजूचें छायाचित्र घ्यावें, व एकट्या घराचें न घेतां शेजारच्या दोन घरांसह घ्यावें. घरधन्याजवळ खरेदीखत किंवा वांटणीपत्र असेल तर त्यांतील चतुःसीमा नकलून घ्याव्या. चतुःसीमा जुळवीत गेलें कीं जुन्या पेठेचा सबंध नकाशा कागदावर उभा राहतो. यांस पैसा लागत नाहीं, सवड व चिकाटी लागते.

एक आक्षेप येईल, व तो प्रामाणिक आहे. जुनें घर राखणें धन्यास परवडत नाहीं. भावाभावांच्या वांटण्या, गळकीं छपरें, वाढत्या जागेचे भाव यांपुढें इतिहासाचें प्रेम किती टिकणार? यावर ग्रेट वेस्टर्न इमारतीचें चरित्र हेंच आमचें उत्तर. ती कोणीं पूजा करून राखली नाहीं. आरमार गेलें तेव्हां कोर्ट आलें, कोर्ट गेलें तेव्हां हॉटेल आलें, हॉटेल गेलें तेव्हां दुकानें आलीं. भिंती मजबूत व दालनें मोकळीं असलीं कीं नवा उपयोग सांपडतो. पेठेंतील जुन्या वखारीस वाचनालय, पतपेढी, दुकान किंवा संग्रहालय होण्यास कोणती अडचण आहे? घर पाडून मिळणारी जागा एकदांच विकली जाते. राखलेलें घर दर पिढीस भाडें देतें.

जें घर कसेंहि करून राखतां येणार नाहीं, त्याची निदान नोंद राहिली पाहिजे. मूळ सनद हरवली तरी तिची नक्कल दप्तरीं असली म्हणजे वतन शाबीत होतें, हा आपला जुना अनुभव आहे. पेठांतील घरांच्या अशा नकला करून ठेवण्याचें काम प्रत्येक गांवच्या संग्राहकानें आपल्या गल्लीपासून आरंभिलें, तर पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा येथील बाजारपेठांचा इतिहास पुढील पिढीस लिहितां येईल. तें काम आमच्या पिढीचें आहे, कारण घरें आमच्या डोळ्यांदेखत पडत आहेत.